तळ्यावरचा पंप

पहाटे पाचला कुणीतरी पंप चालू करायचं.

टुक-टुक-टुक-टुक-टुर्रर्र... मग जरा शांत. मग पुन्हा टुक-टुक-टुक. चौथ्या मजल्यावरच्या माझ्या खिडकीतून तो आवाज नेमका उशीवर येऊन पडायचा. मी लाईन आळीतल्या एका दवाखान्यात कानांची तपासणी करते. दिवसभर लोकांना हेडफोन लावून बारीक बारीक आवाज ऐकवायचे, हे माझं काम. त्यामुळे एखादा आवाज कानात शिरला आणि तो कशाचा ते कळलं नाही, की मला चैन पडत नाही.

आठ दिवस सोसलं. नवव्या दिवशी अंगावर ओढणी घेतली आणि खाली उतरले.

करंजाड्यातल्या आमच्या इमारतीमागे एक तळं आहे. आधी तिथे डबर टाकायचे, रात्रीबेरात्री कुणीही गाड्या धुवायचे. मग सहा महिन्यांपूर्वी पाटी लागली – ‘पाणथळ उद्यान, सुधारणेचे काम चालू’. डबर हललं, कुंपण आलं, काठानं करंजाची आणि भेंडीची – भाजीच्या नव्हे, झाडाच्या – रोपं लागली. आणि लवकरच तळ्याभोवती चालायचा ट्रॅक होणार होता. त्या ट्रॅकसाठी आमच्या चार सोसायट्यांमधून एकशे शहाऐंशी सह्या गोळा झाल्या होत्या. गोळा करणारी मीच.

साडेसहा वाजले होते. तळ्यात कमरेइतक्या पाण्यात उभा राहून एकजण जलपर्णी ओढत होता. अंगात निळा शर्ट... आणि त्याला चक्क इस्त्री.

“ओ भाऊ!”

तो उजवीकडे वळला. तिथे कुणीच नव्हतं. मग मागे बघितलं. मी तर त्याच्या डावीकडे, पाच पावलांवर उभी होते!

“इकडे. तुमचा तो पंप बंद करा आधी.”

“कुठला पंप?”

“पहाटे पाचला चालू करता तो.”

“मॅडम, इथे मशीन एकच आहे.” त्यानं चिखलाचा हात स्वतःच्या छातीवर ठेवला. “आणि ती चहावर चालते.”

मला हसू आलं, पण मी ते दिसू दिलं नाही. “मग हे काय आहे?” असं म्हणून मी आवाज काढून दाखवला. टुक-टुक-टुक-टुक-टुर्रर्र. चांगल्या शिकल्यासवरल्या बाईनं भल्या सकाळी तळ्याकाठी उभं राहून असं करावं... पण तो हसला नाही. मान किंचित कलती करून, अगदी मन लावून त्यानं ऐकलं.

“शेवटी ते ‘टुर्र’ थोडं अडखळतं का?”

“अडखळतं!”

“मग मीही ऐकलाय. संध्याकाळी, काम उरकताना.” तो जलपर्णीची मोळी काठावर टाकत म्हणाला. “मला वाटलं, तुमच्या बिल्डिंगचा पंप आहे.”

आम्ही दोघं एकमेकांकडे बघत राहिलो. पंप त्याचाही नव्हता, माझाही नव्हता.

“शोधायचा का?” त्यानं विचारलं.

त्याचं नाव प्रितेश घरत. दापोलीला शेतकी शिकून आलेला. उद्यानाचं काम ज्या ठेकेदाराला मिळालं होतं, त्या दयारामशेठकडे झाडांची आणि तळ्याची जबाबदारी त्याच्यावर होती. घर गाढी नदीच्या पलीकडे, गावात.

त्या संध्याकाळी मी दवाखान्यातून थेट तळ्यावर गेले. एप्रिलचा शेवट होता. दिवसभर तापलेली माती आता उष्ण श्वास सोडत होती, खाडीकडून खारट वारा येत होता. सूर्य बुडाला, टिटवी एकदा ओरडून गेली... आणि सुरू झालं. टुक-टुक-टुक.

मी डोळे मिटले. मान आधी इकडे, मग तिकडे. हात वर करून बोट दाखवलं. “तिकडे. साधारण साठ पावलं.”

डोळे उघडले, तर तो माझ्याकडेच बघत होता.

“तिकडे बघा ना!”

“बघतोय की.”

“माझ्याकडे बघताय.”

“दिशा बघतोय,” तो म्हणाला आणि घाईघाईनं पुढे चालू लागला. पार उलट्या बाजूला.

साठ पावलांवर काहीच सापडलं नाही. दुसऱ्या दिवशी तो आवाज तळ्याच्या पलीकडे गेलेला. पंप कधी जागा बदलतो? तिसऱ्या दिवशी मी त्याला विचारलंच. “डाव्या कानानं ऐकू येत नाही ना तुम्हाला?”

त्यानं हातातलं गवताचं पातं दोनदा उलटसुलट केलं. “कुणी सांगितलं?”

“कुणी कशाला सांगायला हवं? तुम्ही नेहमी माझ्या डावीकडून चालता. मी बाजू बदलली, की तुम्हीही बदलता.”

“ते... मला वाटलं, ते तुमच्या लक्षात येणार नाही,” तो हळूच म्हणाला. “आलं ते एका अर्थी बरंच झालं.”

दुसऱ्या दिवशी दुपारच्या सुट्टीत तो दवाखान्यात आला. पुन्हा इस्त्रीचा शर्ट. मी त्याला आवाजबंद खोलीत बसवलं, हेडफोन लावले, हातात बटण दिलं. काचेच्या अलीकडे मी, पलीकडे तो.

“आवाज आला की दाबायचं. कितीही बारीक असला तरी.”

उजवा कान उत्तम निघाला. डाव्या कानात मी आवाज वाढवत गेले, वाढवत गेले... बटण दाबलं गेलं नाही. तो काचेतून माझ्या चेहऱ्याकडे बघत होता आणि मी चेहऱ्यावर काही येऊ न द्यायचा प्रयत्न करत होते. मग मी सगळं बंद करून नोंद लिहायला घेतली, तर समोरचा दिवा लागला. बटण दाबलं होतं त्यानं.

मी माईक उघडला. “मी आवाज दिलाच नव्हता.”

“मला आला.”

“कसला?”

“तुम्ही सुस्कारा टाकलात. काचेतून दिसला.”

मी पेन शोधायला लागले. ते माझ्या हातातच होतं.

सहावीत असताना त्याला गालगुंड झालं होतं, तेव्हापासून तो कान गेलेला. मी त्याला समजावलं, की आवाज कुठून येतो ते ओळखायला दोन्ही कान लागतात. एकानं आवाज कळतो, पण बाजू कळत नाही.

“म्हणून मला तो सगळीकडून येतोय असं वाटायचं,” तो म्हणाला. मग जिन्याच्या दाराशी थांबून म्हणाला, “पण तुम्ही बरोबर असलात, की कळतं.”

आणि भराभर उतरून गेला.

कोडं सोडवलं ते त्याच्या गोदूआत्यानं. भाच्याचा डबा घेऊन ती तळ्यावर यायची. हिरवं लुगडं, पायात प्लास्टिकच्या चपला. आम्ही दोघं झुडपांत काय शोधतोय हे तिनं कंबरेवर हात ठेवून बराच वेळ बघितलं.

“पंप कसला रं? त्यो रातवा हाय.”

“काय?”

“रातवा. पाखरू. आमच्या शेतान बसाचा. ही जागा आमचीच व्हती ना आदी.” मग माझ्याकडे वळून म्हणाली, “तुमाला नाय दिसाचा त्यो, पोरी. पाचोल्यावर बसला का पाचोलाच व्हतो.”

पक्षी! इतके दिवस मी एका पक्ष्याला शिव्या घातल्या होत्या. आता तर त्याला बघितल्याशिवाय राहवेना. लोक पक्षी बघायला कर्नाळ्याला जातात, आणि हा माझ्या खिडकीखाली पंप होऊन बसला होता.

शनिवारी पहाटे आम्ही दोघं कुंपणाजवळ भेटलो. मी ऐकायचं, त्यानं बघायचं, असं ठरलेलं. पूर्वेला फटफटत होतं. टुक-टुक... मी बोट दाखवलं, तो त्या रेषेत हळूहळू सरकला. पुन्हा आवाज, पुन्हा बोट. मग आवाज थांबला, उजाडलं. मी पुढचं पाऊल टाकणार, तोच त्यानं माझं कोपर धरलं.

“हलू नका.”

“कुठे आहे?”

“तुमच्या चपलेसमोर. चार हातांवर.”

मला वाळकी पानं दिसत होती. नुसती पानं. मग त्या पानांमध्ये एक डोळा दिसला. बारीक, मिटत आलेला, काळाभोर डोळा. त्याच्याभोवती आपोआप डोकं झालं, पंख झाले, शेपूट झाली. प्रितेशनं अजून माझं कोपर सोडलं नव्हतं, आणि मला ते सोडायला नको होतं.

एवढ्यात पान उडावं तसा तो पक्षी जमिनीलगत फडफडत गेला. मागे, नुसत्या मातीवर, दोन अंडी होती. फिकट, तपकिरी ठिपक्यांची.

आम्ही लगेच मागे सरलो, मादी परत यावी म्हणून. आणि मागे सरताना माझी नजर खाली गेली. अंड्यांपासून वीतभर अंतरावरून चुन्याची पांढरी रेघ गेली होती.

ट्रॅकची आखणी. सोमवारी तिथे जेसीबी येणार होता.

“अंडी उचलून दुसरीकडे ठेवली तर?” कुंपणाबाहेर आल्यावर मी विचारलं.

“ती नाही येणार मग. काम थांबवायला हवं. दोन-तीन आठवडे तरी.”

“तीन आठवड्यांनी पाऊस तोंडावर येईल. मग दिवाळीशिवाय काही होत नाही.”

“तसं होईल कदाचित.”

तो किती सहज म्हणाला! माझा तोल गेला. “तुम्हाला काय जातंय म्हणायला? माझ्या बाबांना दोन वर्षांपूर्वी अर्धांगाचा झटका आला. ते वॉकर घेऊन घराबाहेरच्या कॉरिडॉरमध्ये चालतात. जायची अठ्ठेचाळीस पावलं, यायची अठ्ठेचाळीस. रस्त्यावर सपाट जागा नाही, गाड्या अंगावर येतात. त्या सह्या मी हौस म्हणून नाही गोळा केल्या.”

तो ऐकत राहिला. “मला माहीत नव्हतं,” एवढंच म्हणाला. “पण अंडी दिसल्यावर मी दयारामशेठना सांगितल्याशिवाय राहू शकत नाही.”

“मग माझ्या बाबांनाही तुम्हीच सांगा.”

रागानं बोलून गेले, आणि तरातरा घरी आले. दिवसभर कशात मन लागेना. चूक कुणाची होती? त्याची नव्हती. माझीही नव्हती. त्या पाखराची तर नव्हतीच.

संध्याकाळी बेल वाजली. दारात प्रितेश. पाय स्वच्छ धुतलेले, बगलेत नकाशाची गुंडाळी.

“काका आहेत का? त्यांना सांगायला आलोय.”

आणि त्यानं खरंच सांगितलं. बाबांसमोर खुर्चीच्या कडेवर बसून, काही न लपवता. ट्रॅक का अडलाय, किती दिवस अडेल, पाऊस आधी आला तर काय होईल. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी. हातातला चहा गार होत होता.

माझे बाबा, कृष्णकांत, भूमापन खात्यातून निवृत्त झाले. चौतीस वर्षं लोकांच्या जमिनी मोजल्या. आजारपणानंतर त्यांचं बोलणं संथ झालंय, एकेक शब्द वेचून आणल्यासारखं. सगळं ऐकून झाल्यावर ते म्हणाले, “नकाशा... दाखव.”

नकाशा जेवणाच्या टेबलावर पसरला. बाबांनी चष्मा लावला, आणि दोन वर्षांत पहिल्यांदा मला त्यांचा ऑफिसमधला चेहरा दिसला.

“ही रेघ... इथून कुणी नेली? पश्चिमेकडून? दुपारभर ऊन. सावलीचा... टिपूस नाही.” त्यांचं बोट सरकलं. “बांध आहे ना... इकडे?”

“आहे काका. जुना, शेतावरचा बांध. भेंडीची मोठी झाडं आहेत त्यावर. आमच्या आजोबांनी लावलेली.”

“मग त्या बाजूनं वळव. चाळीस मीटर वाढेल. पण... सावली मिळेल.” बाबांनी चष्मा काढला. “चढ किती आहे ते... बघायला हवं. चल.”

“आत्ता?” मी आणि प्रितेश एकदमच म्हणालो.

“उजेड आहे... अजून.”

बाबांना त्या खडबडीत जमिनीवरून जाताना बघणं सोपं नव्हतं. वॉकरचे पाय ढेकळांत रुतत होते. प्रितेश त्यांच्याबरोबर चालत होता, पण हात धरत नव्हता. बाबांनी आपण होऊन खांद्यावर हात टाकेपर्यंत थांबला. मग दोघं बांधावर चढले. बाबांनी टाचेनं माती दाबून बघितली, वाकून उतार बघितला.

“माझा वॉकर चालला... तर सगळ्यांचं चालेल,” ते धापा टाकत म्हणाले. घाम आला होता त्यांना. आणि हसत होते.

दयारामशेठ फोनवर कुरकुरले. पालिकेच्या साहेबांची परवानगी ते आणतील, पण आखणी बदलायची तर रहिवाशांचं लेखी हवं, नाहीतर उद्या तुम्हीच बोंब माराल, असं त्यांचं म्हणणं. त्यामुळे रविवारी संध्याकाळी सोसायटीच्या आवारात बैठक बोलावली.

आमचे सेक्रेटरी शैलेश सावे सुरुवातीलाच म्हणाले, “एका पक्ष्यासाठी एवढं? आधीच इथल्या पंपानं लोक वैतागलेत. तक्रारवहीत सात तक्रारी आहेत. प्लंबर दोनदा येऊन गेला.”

मी त्यांच्याकडे बघितलं. “कसा आवाज येतो हो त्या पंपाचा?”

“टुक-टुक असा.”

“तुम्ही सगळ्यांनी पाच मिनिटं गप्प बसाल? फक्त पाच मिनिटं. पंपाची मोटर मी वॉचमनकाकांना बंद करायला सांगितलीय. स्विच समोरच आहे, बघून या.”

लोक हसले, कुजबुजले. पण गप्प बसले. आकाश जांभळं झालं. कुणाच्या तरी घरातला कुकर शिट्टी देऊन थांबला. मी मनात देवाचं नाव घेत होते, की आज नेमका रुसू नकोस बाबा...

टुक-टुक-टुक-टुक-टुर्रर्र.

शैलेशकाका उठले, मोटरच्या स्विचपाशी गेले, तो बंद असल्याचं बघून परत आले. “हा... तो आहे?”

“हाच तो,” प्रितेश म्हणाला. “रातवा. मादी अंड्यांवर बसलीय. नर ओरडतोय. हा रात्रभर डास-किडे खातो, काका. त्याला पिल्लं बाहेर येईपर्यंत तेवढी जागा हवी. ट्रॅक तुमचा होणारच आहे. काम दुसऱ्या टोकानं सुरू करू, आणि इकडे जरा वळून जाऊ.”

पहिल्या मजल्यावरच्या रियानं विचारलं, “अंडी बघता येतील?” प्रितेश म्हणाला, “नाही. पण पिल्लं उडाल्यावर त्यांची जागा दाखवेन.” कुणीतरी वळणाचं वाढीव अंतर विचारलं, कुणी दिव्यांचं विचारलं. बाबांनी नकाशावर बोट ठेवून सगळ्यांना सावकाश समजावलं. अर्धा तास लागला त्यांना. एकानंही त्यांना मध्ये तोडलं नाही. पहिली सही शैलेशकाकांनी केली, आणि सात तक्रारींवर स्वतःच्या हातानं काट मारली.

पुढचे तीन आठवडे कसे गेले ते सांगता येणार नाही. प्रितेशनं झुडपाभोवती लांबून दोरी बांधली. दुसऱ्या टोकाला खडी पडली, मुरूम पडला, रोलर फिरला. मी रोज संध्याकाळी ‘पक्षी ठीक आहे ना’ बघायला जायचे. पक्षी ठीक असायचा. तरी आम्ही तासभर बोलत बसायचो. माझ्या कामाबद्दल, त्याच्या गावाबद्दल, पाण्यातल्या शेवाळाबद्दलसुद्धा! शेवाळात इतकं काही बोलण्यासारखं असतं हे मला आधी कुणी सांगितलं नव्हतं.

एके सकाळी दुर्बिणीतून मातीची दोन ढेकळं हलताना दिसली. पिल्लं. आई दोन पावलं पुढे सरकून हाक द्यायची, की ढेकळं तिच्यामागे धडपडत जायची. मी दुर्बीण त्याच्याकडे दिली, त्यानं बघून माझ्याकडे, मी पुन्हा त्याच्याकडे... काही दिवसांनी ती जागा रिकामी झाली.

आणि मेच्या शेवटी ट्रॅक पूर्ण झाला.

त्या संध्याकाळी बाबा वॉकर घेऊन निघाले. आम्ही दोघं बांधावर, भेंडीच्या सावलीत बसलो. भेंडीला पिवळी फुलं आली होती, संध्याकाळी ती तांबूस व्हायला लागतात. बाबा वळणावरून जाताना छोटे दिसत होते. मध्ये दोनदा थांबले, पण कुणाला बोलावलं नाही.

तेवढ्यात गोदूआत्या रिकामा डबा न्यायला आली. माझ्याकडे बघितलं, भाच्याकडे बघितलं.

“सांगितलंस का नाय रं?”

“आत्या, तू जा ना.”

“जातंय. पन पोरी, चिखलान उतराला इस्त्रीचा शर्ट घालनारा मानूस तू कंदी बघलास का? आदी नाय घालाचा. ज्या दिवशी तू खिडकीन केस इंचरताना दिसलीस ना, तवापासून चाललंय ह्ये.”

आणि ती डबा वाजवत गेली.

म्हणजे... मी पंपाची तक्रार घेऊन आले, त्याच्याही आधीपासून? प्रितेशचे कान, दोन्ही, लाल झाले होते.

“उद्यापासून मी इथे नसेन,” तो जमिनीकडे बघत म्हणाला. “लांब दुसऱ्या गावात एक तळं घेतलंय शेठनी. तिकडे काम आहे.”

“हं.”

“पिल्लं गेली. ट्रॅक झाला. म्हणजे इथे यायला आता काही कारण नाही. म्हणजे एक आहे, पण...” तो थांबला. मोठा श्वास घेतला. “तुम्ही मला आवडता, प्रांजल. खूप. हे मी घरी तीनदा म्हणून बघितलंय आत्यासमोर. तिथे बरं जमत होतं.”

वाऱ्यानं भेंडीचं एक फूल आमच्या दोघांच्या मध्ये पडलं. दोघांनीही ते उचललं नाही.

समोरून बाबा फेरी पूर्ण करून येत होते. बांधाजवळ आले, आमच्याकडे बघितलं... आणि माझ्या त्या बाबांनी, जे दोन वर्षांत एवढं अंतर एकदाही चालले नव्हते, काही न बोलता वॉकर वळवला आणि दुसऱ्या फेरीला निघाले.

“रविवारी घरी येऊ का मी?” प्रितेशनं विचारलं. आवाज अगदी बारीक. “तुमच्या बाबांना भेटायला. चालेल का?”

“ये.”

एकच अक्षर. महिनाभर ‘या’ म्हणत होते मी त्याला – या, बसा, बघा, ऐका. आणि आता ते आपोआप वेगळंच निघालं.

तो माझ्याकडे बघत राहिला. “काय म्हणालीस?”

म्हणालीस. म्हणालात नाही.

“ये म्हणाले,” मी म्हटलं. “आणि आत्यालाही घेऊन ये.”